मुलांना क्वायरला घालताना

शाळेतला संगीताचा तास म्हणजे बहुतेक वेळा गणिताच्या सरांनी मागून घेतलेला तास. खासगी क्लासची फी सगळ्यांना झेपत नाही. नाशिकमध्ये मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दर आठवड्याला, बहुधा एक पैसाही न घेता, दहाजणांच्या आवाजात आपला आवाज मिसळून गायला शिकवणारी एक जागा आहे. ती म्हणजे चर्चची क्वायर. आपलं पोर तिथं घालावं का आणि घातलं तर त्याला काय करावं लागेल, हे पुष्कळ ख्रिस्ती घरांतही नीट ठाऊक नसतं.

इथल्या क्वायरची खरी गंमत अशी की मुलाच्या कानावर दोन तऱ्हांचं संगीत एकदमच पडतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकला शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. मिशनऱ्यांबरोबर चार आवाजांत गायची इंग्रजी स्तोत्रं आली. दुसरी तऱ्हा अस्सल मराठी मातीतली. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) तरुणपणी नाशिकला संस्कृत शिकले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंग-ओव्यांत, भजनाच्या चालींत आणली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचं माहेर नाशिकजवळचं जलालपूर. टिळकांची गीतं ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून आजही मंडळीत गायली जातात. कॅथलिक चर्चमध्ये उपासना लॅटिनमध्ये होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला वाट करून दिली, तेव्हा मराठी गायनाला तिथंही जागा झाली. म्हणून एकाच रविवारी पेटी-तबल्यावर भजन आणि कीबोर्डवर स्तोत्र असा योग येतो. मुलाला यात काही विचित्र वाटत नाही. वाटलं तर ते आपल्यालाच.

अडचण येते ती ‘सेकंड’ला, म्हणजे दुसऱ्या आवाजाला. भजन सगळे एकाच सुरात म्हणतात. चार आवाजांच्या गाण्यात मात्र वरचा सूर मुख्य चाल धरतो आणि शेजारची मुलगी, बहुतेक वेळा दोन स्वर खालून, वेगळीच ओळ गात असते. नवखं पोर दुसऱ्याच ओळीत शेजारणीच्या सुरात जाऊन पडतं. यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे: एका कानावर तळहाताचा द्रोण धरायचा, म्हणजे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येतो. एकदा का दोन ओळी एकमेकींना न ढकलता शेवटच्या सुरावर येऊन टेकल्या, की त्या मुलाचा चेहरा बघावा. दुसऱ्याचं ऐकत स्वतःचं सोडायचं नाही, ही सवय एकट्याने रियाज करून लागत नाही.

चांगला शिक्षक ओळखायची एक खूण सांगतो. सराव सुरू होताच तो गाणं काढत नाही. आधी मुलांना सरळ उभं करतो, मिटल्या ओठांनी गुणगुणायला लावतो, मग सूर एकेक करून वर नेतो. ओळीत श्वास कुठे घ्यायचा ते पेन्सिलीने खूण करायला सांगतो. नाहीतर मुलं ‘परमेश्वरा’च्या मधोमध दम घेतात. आणि ‘जोरात म्हणा रे’ असं तो कधी म्हणत नाही. ओरडून गायलेल्या मुलांचा घसा नाताळ येईपर्यंत बसलेला असतो. पेटी मोठ्या माणसांच्या सोयीने पांढरी एकवर लावली तर लहान मुलांना ती खाली पडते. त्यांच्यासाठी पट्टी वर न्यावीच लागते.

मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की घरचे म्हणतात, आवाज फुटलाय, आता काढा याला. हे चुकतं. वयात येताना स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांबतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण थोडा. काही काळ त्यात हवा जास्त ऐकू येते. या दिवसांत गाणं बंद करायचं कारण नाही. चार-पाच स्वरांतली सोपी ओळ द्यावी, ताण देऊ नये. नेमकं याच वयात पोराला हसून घरी बसवलं, तर तो परत येत नाही आणि मग दहा वर्षांनी मंडळी विचारते, पुरुषांचे आवाज कुठे गेले?

क्वायरचा पुढे काय उपयोग होतो, ते गोव्यात दिसतं. तिथं चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवलं. अँथनी गोन्साल्विस यांचे वडील माजोर्ड्याच्या चर्चचे क्वायरमास्टर. मुलगा मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाद्यवृंदाची रचना करणारा झाला, संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यातून त्यांचं नाव १९७७ साली देशभर पोचलं. तुमचं पोर तिथवर जाईलच असं नाही, पण नोटेशन वाचता आलं तर पुढं कुठलंही वाद्य हाती घेणं सोपं जातं.

घालण्याआधी दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. क्वायर हा उपासनेचा भाग आहे, स्टेजचा कार्यक्रम नव्हे. सरावाला दांडी मारून रविवारी उभं राहता येत नाही. ख्रिस्ती नसलेल्या घरांनी पाळकांशी किंवा फादरांशी आधी मोकळेपणाने बोलावं. सरावाला किमान दोन मोठी माणसं हजर असतात का, मूल घरी कोणाबरोबर जातं, हे विचारायला संकोच नको. दहावीतल्या मुलांची पूर्वपरीक्षा नाताळच्या मागेपुढेच येते, तेही आधीच बोलून ठेवावं.

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो आणि नाताळगीतांची तयारी त्याच्या बरीच आधी लागते. त्यामुळे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाला हाताशी धरून ‘यालाही घ्या’ म्हणत जाऊ नका. शाळा सुरू होताना, जूनमध्येच, एका रविवारी उपासना संपल्यावर क्वायरच्या शिक्षकांना गाठा.