नवखा उमेदवार आणि कामगाराचे मत

यंदा व्याख्यानासाठी विचारावयास आलेल्या चिटणिसांनी आम्हांस सुचविले होते की, कामगार चळवळीतील माणसाने चळवळीचीच हकीकत सांगावी. आम्ही त्यांना विषय सांगितला, तेव्हा ते थोडे चमकले. अमेरिकेतील एक सिनेमानट, तो राजकारणात उतरतो, प्रथम एका राज्याचा कारभारी होतो आणि पुढे राष्ट्राध्यक्ष होतो, यात कामगार चळवळीचा काय संबंध? संबंध असा की, रोनाल्ड रेगन हे गृहस्थ कोणत्याही सरकारी पदावर बसण्यापूर्वी एका कामगार संघटनेचे अध्यक्ष होते. आणि याच गृहस्थांनी १९८१ साली संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक नोकरांना एका फटक्यात कामावरून दूर केले. या दोन टोकांच्या मध्ये ज्या निवडणुका झाल्या, त्यांत त्यांना मते देणाऱ्यांत संघटनेची वर्गणी नियमाने भरणारे कामगार फार मोठ्या संख्येने होते. हे कसे घडले, याचा उलगडा आम्ही आमच्या अल्प वाचनाच्या आधारे करून पाहणार आहोत. आमचे शाळेतील शिक्षण सातवीला थांबले. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा श्रोत्यांनी विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अमेरिकेतील राज्याचा ‘गव्हर्नर’ म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. आपला राज्यपाल नेमलेला असतो. तिकडचा गव्हर्नर लोकांनी थेट निवडलेला असतो आणि राज्याचा सारा कारभार त्याच्या हाती असतो. शिवाय पक्षाची उमेदवारीही तेथे दिल्लीसारख्या ठिकाणी बसलेल्या श्रेष्ठींकडून मिळत नाही. त्यासाठी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक लढवून जिंकावी लागते. म्हणजे ज्याने पक्षात एक दिवस सतरंजी उचललेली नाही, अशा नवख्या माणसालाही पैसा, प्रसिद्धी आणि वाणी यांच्या बळावर तिकीट मिळू शकते. रेगन यांची कथा या दारातून सुरू होते.

रेगन यांचा जन्म १९११ साली इलिनॉय राज्यातील टॅम्पिको या लहानशा गावी झाला. वडील जोडे विकणारे, दारूचे व्यसन असलेले. महामंदीच्या दिवसांत त्यांना आधार मिळाला तो रूझवेल्ट यांच्या सरकारने काढलेल्या मदतकार्यातील नोकरीचा. मुलगा कॉलेज शिकून नभोवाणीवर खेळांचे निवेदन करू लागला. तारेने येणाऱ्या त्रोटक खुणा वाचून, प्रत्यक्ष मैदानात बसल्याप्रमाणे तो सामन्याचे वर्णन करी. १९३७ साली तो हॉलिवूडला गेला आणि १९४७ साली ‘स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड’ या नटांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. तेव्हा रेगन डेमोक्रॅटिक पक्षाचे होते आणि रूझवेल्ट यांना चारही वेळा मत दिल्याचे अभिमानाने सांगत. १९५९ साली ते पुन्हा अध्यक्ष झाले, आणि १९६० साली त्यांच्या नेतृत्वाखाली नटांनी स्टुडिओमालकांविरुद्ध संप केला. चित्रपट दूरचित्रवाणीला विकल्यास त्या उत्पन्नात नटांना वाटा असावा, ही मागणी होती. १९६० पासूनच्या चित्रपटांपुरता तो वाटा मिळाला. जुन्या चित्रपटांवरचा हक्क सोडून त्याबदली निवृत्तिवेतन व औषधपाणी यांच्या निधीसाठी साडेबावीस लाख डॉलर घेतले गेले. जुन्या नटांनी या तडजोडीबद्दल त्यांना पुष्कळ दोष दिला. ज्याने वाटाघाटीच्या टेबलावर कधी बसून पाहिले आहे, तो असा दोष देताना थोडा थबकेल.

मग हा माणूस बदलला कोठे? एक कारण हॉलिवूडमधील कम्युनिस्टांशी झालेला त्यांचा झगडा, हे प्रसिद्धच आहे. परंतु आमच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे कारण १९५४ ते १९६२ या आठ वर्षांत आहे. या काळात रेगन जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे सूत्रधार होते, आणि करारात एक कलम असे होते की त्यांनी कंपनीच्या कारखान्यांना भेटी द्याव्यात. त्यांनी शंभराहून अधिक कारखाने पायांखाली घातले. अडीच लाखांच्या घरात कामगार व कारकून यांच्यासमोर ते उभे राहिले.

या कंपनीचे कामगारविषयक धोरण लेम्युएल बूलवेअर नावाच्या अधिकाऱ्याने आखले होते. १९४६ च्या मोठ्या संपाने कंपनी हादरली होती. बूलवेअर यांचे म्हणणे असे की, कामगार हा गिऱ्हाइकासारखा आहे. आपण विजेचे दिवे विकतो तशी आपली बाजू त्याला विकली पाहिजे. कंपनी स्वतः अभ्यास करून एकच देकार पुढे ठेवी, त्यात फारसा बदल करीत नसे, आणि संघटनेच्या डोक्यावरून तो देकार थेट कामगारांच्या घरापर्यंत पत्रकांनी व मासिकांनी पोचवी. १९६० च्या वाटाघाटींतील ही वागणूक प्रामाणिक वाटाघाटीच्या कायद्याला धरून नाही, असा निर्णय तेथील कामगारसंबंध मंडळाने १९६४ साली दिला आणि वरिष्ठ न्यायालयाने १९६९ साली तो उचलून धरला. पण तोपर्यंत पेरणी झाली होती. त्या शेतात रेगन आठ वर्षे राबत होते, आणि पेरता पेरता बियाणे त्यांच्या स्वतःच्याही अंगी रुजले. आरंभी नटनट्यांच्या गमती सांगणारे त्यांचे भाषण हळूहळू कर, सरकारी खर्च आणि नोकरशाही यांवर येऊन ठेपले. श्रोत्यांच्या प्रश्नांना ते उत्तरे देत. कोणत्या वाक्याला माना डोलतात आणि कोणत्या वाक्याला चुळबूळ होते, हे ते टिपून घेत.

येथे आम्हांस आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात नवा व्यवस्थापक आला. पहिल्या महिन्यात तो तिन्ही पाळ्यांना कँटीनमध्ये कामगारांबरोबर चहाला बसला. आम्ही फाटकाबाहेर द्वारसभेत त्याची नक्कल केली आणि टाळ्या घेतल्या. वर्षअखेर आमच्या वर्गणीच्या पावत्या निम्म्यावर आल्या. एका जुन्या सभासदाने आम्हांस सरळ विचारले, “साहेब, तो आमचं ऐकून तरी घेतो. तुम्ही गेल्या दोन वर्षांत आमच्या खात्यात कधी आलात?” या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. रेगन यांचे चरित्र आम्ही वाचावयास घेतले ते या प्रश्नानंतर.

२७ ऑक्टोबर १९६४ रोजी, राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या प्रचारासाठी रेगन यांनी दूरचित्रवाणीवर भाषण केले. देशाला वाटले, हा वक्ता एका रात्रीत उगवला. वास्तविक ते भाषण आठ वर्षे कारखान्यांतून घासूनपुसून तयार झालेले होते. गोल्डवॉटर यांचा दारुण पराभव झाला. पन्नासपैकी सहाच राज्ये त्यांना मिळाली. पण मोटारींचे व्यापारी होम्स टटल, तेलव्यवसायातील हेन्री साल्व्हातोरी अशा दक्षिण कॅलिफोर्नियातील धनिकांनी ओळखले की, विचार तोच ठेवून माणूस बदलला पाहिजे. गोल्डवॉटर यांची वाणी लोकांना भिववी. रेगन तोच विचार शेजाऱ्याप्रमाणे हसत सांगत.

हा विचार कोणता? त्याला तिकडे ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ म्हणतात. आपल्याकडील ‘सनातनी’ हा शब्द त्याला नेमका बसत नाही. सरकार लहान असावे, कर कमी असावेत, खाजगी मालमत्तेवर व उद्योगावर निर्बंध नसावेत आणि कुटुंब, धर्म व शिस्त यांची जुनी घडी टिकावी, असा तो एकत्र बांधलेला गठ्ठा आहे.

जानेवारी १९६६ मध्ये रेगन यांनी गव्हर्नरपदाची उमेदवारी जाहीर केली. निवडणुकांचा धंदा करणारी स्पेन्सर-रॉबर्ट्‌स ही पेढी प्रचारासाठी नेमली गेली. नटाला दुसऱ्याने लिहिलेले पाठ येते, एवढेच लोक म्हणणार, हे ओळखून पेढीने बेत केला की भाषण थोडक्यात आटोपावे आणि लोकांच्या प्रश्नांना जागच्या जागी उत्तरे द्यावीत. राज्यकारभाराचा अनुभव नाही, या आक्षेपाचेच त्यांनी भूषण केले: आम्ही धंदेवाईक राजकारणी नव्हे, आम्ही साधे नागरिक.

समोर होते गव्हर्नर पॅट ब्राऊन. हा मनुष्य लेचापेचा नव्हता. उत्तरेचे पाणी दक्षिणेस नेणारी प्रचंड योजना आणि राज्याच्या उच्च शिक्षणाचा आराखडा ही त्यांच्या कारकिर्दीतील कामे. १९५८ साली संघटनांचे बळ मोडणारा एक प्रस्ताव कॅलिफोर्नियात मतास टाकला होता. तेव्हा कामगारांनी उठाव करून तो पाडला आणि त्याच लाटेत ब्राऊन दहा लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले होते. १९६२ साली त्यांनी निक्सन यांनाही हरविले. असा कसलेला पुढारी रेगन यांना हसला. रिपब्लिकन पक्षाचा दुसरा इच्छुक, सॅन फ्रान्सिस्कोचे माजी महापौर जॉर्ज ख्रिस्तोफर, अधिक अवघड जाईल असे समजून ब्राऊन यांच्या माणसांनी ख्रिस्तोफर यांचेच जुने प्रकरण वृत्तपत्रांतून बाहेर येण्यास मदत केली. प्रचारपटात ब्राऊन लहान मुलांना सांगताना दिसले की, लिंकन यांना गोळी घालणारा एक नटच होता. लोकांना हा विनोद रुचला नाही. ८ नोव्हेंबर १९६६ रोजी ब्राऊन हरले. मतांतील अंतर जवळजवळ दहा लाखांचे होते. आठ वर्षांपूर्वी जेवढ्यांनी जिंकले, जवळपास तेवढ्यांनीच हरले.

ही दहा लाख मते फिरली कशी? एकट्या हास्याने नव्हे. १९६४ साली कॅलिफोर्नियात ‘प्रस्ताव १४’ मतास आला होता. घर विकताना वा भाड्याने देताना वर्णभेद करू नये, असा कायदा नुकताच झाला होता. तो रद्द करण्यासाठी हा प्रस्ताव होता. राज्याच्या कामगार महासंघाने सभासदांना सांगितले, विरोधात मत द्या. राज्यातील जवळजवळ दोनतृतीयांश मते प्रस्तावाच्या बाजूने पडली, आणि ती संघटित कामगारांच्या मतांशिवाय पडणे शक्य नव्हते. संघटनेने मिळवून दिलेल्या पगारातून कामगाराने घर घेतले होते. आता त्या घराची किंमत, त्यावरचा कर आणि शेजारी कोण येणार याची भीती, या गोष्टी त्याला पगाराहून मोठ्या वाटू लागल्या. त्याच वर्षअखेर बर्कली विद्यापीठात विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले. ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्‌स भागात कृष्णवर्णीय वस्तीतील दंगलीत ३४ माणसे मेली. या भीतीला रेगन यांनी नाव दिले, शिस्तीचे. संघटनेच्या पुढाऱ्यांनी तिला नाव दिले नाही आणि उत्तरही दिले नाही. सभासदाच्या मनात जे चालले आहे ते वाईट असेल, तर त्याच्या घरी बसून त्याच्याशी वाद घालावा लागतो. परिपत्रक पाठवून ते साधत नाही.

पदावर बसल्यावरची हकीकत थोडक्यात सांगतो. कर कमी करावयास आलेल्या रेगन यांनी १९६७ साली राज्याच्या इतिहासातील तोवरची सर्वांत मोठी, सुमारे शंभर कोटी डॉलरची करवाढ केली, कारण तिजोरीत तूट होती. १९६८ साली स्थानिक संस्थांच्या नोकरांना संघटनेमार्फत चर्चेचा हक्क देणाऱ्या कायद्यावर त्यांनीच सही केली. न्याय म्हणून हे सांगितलेच पाहिजे. त्याच १९६८ साली ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले आणि निक्सन यांच्यापुढे फिके पडले. १९७६ साली पक्षाच्या अधिवेशनात फोर्ड यांच्याकडून थोडक्यात हरले. १९८० साली ४४ राज्ये जिंकून राष्ट्राध्यक्ष झाले. त्या वर्षी संघटित कामगारांच्या घरांतील मते जवळजवळ समसमान वाटली गेली होती.

त्या निवडणुकीत ‘पॅटको’ या विमानवाहतूक नियंत्रकांच्या संघटनेने रेगन यांना उघड पाठिंबा दिला होता. ३ ऑगस्ट १९८१ रोजी या संघटनेचे सुमारे तेरा हजार सभासद संपावर गेले. केंद्र सरकारच्या नोकरांना संपाची कायद्याने बंदी होती. रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली. मुदत देताना त्यांनी आठवण करून दिली की आपणही कधीकाळी संघटनेचे अध्यक्ष होतो आणि संप चालविला होता. जे परतले नाहीत, ते अकरा हजारांहून अधिक नियंत्रक बडतर्फ झाले. सरकारी विमानवाहतूक खात्याची दारे त्यांना बंद झाली. ती बंदी १९९३ साली क्लिंटन यांनी उठविली. इकडे खाजगी मालकांनी धडा घेतला की संपकऱ्यांच्या जागी कायमची नवी माणसे भरता येतात, आणि अमेरिकेतील मोठे संप ऐंशीच्या दशकात झपाट्याने ओसरले.

श्रोतेहो, पॅटकोच्या सभासदांनी केलेली चूक पाहा. त्यांनी ‘हा आपल्यातलाच होता’ एवढे पाहिले. नवखा उमेदवार पाटी कोरी असल्याचे सांगतो, पण कोरी पाटी घेऊन कोणीच येत नाही. रेगन यांचे आठ वर्षांचे शिक्षण झाले होते आणि त्या शाळेची फी कोणी भरली हे उघड होते. म्हणून नवा माणूस दाराशी आला, तर त्याला हसू नये आणि हुरळूनही जाऊ नये. एवढेच विचारावे: यापूर्वी तू कोणाच्या पगारावर होतास, आणि कोणाचे ऐकून घेत होतास?

पहिला प्रश्न उमेदवाराला आहे. दुसरा मात्र आमच्यासारख्या जुन्या कार्यकर्त्यांनाही लागू आहे. वर्गणीची पावती फाडून दिली म्हणजे मत आपले झाले, असे आम्ही फार वर्षे समजत आलो. जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यांतून रेगन खातोखाती हिंडले, ते काम वास्तविक आमचे होते. त्या जुन्या सभासदाच्या खात्यात आम्ही आता दर महिन्याला जातो. तो अजून आमच्यावर पुरता खूष नाही. पण चहा मात्र सांगतो.