दादा, वहीत लिहूया!



घराचं काम काढलं की खर्च वाढतोच, असं आपण सगळ्याच म्हणतो. पण तो नेमका कुठे वाढला, ते सांगता येत नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज घेऊन न्हाणीघर दुरुस्तीला काढलं. न्हाणी 5 फूट बाय 4 फूट. भिंतीला 4 फुटांपर्यंत फरशी लावायचं मिस्त्रींशी ठरलं. काम चालू असताना ताई म्हणाल्या, "दादा, 7 फुटांपर्यंत घ्या ना." दादा म्हणाले, "घेऊ की." बोलणं एवढंच झालं. हिशेबाच्या दिवशी मात्र भांडण! ताई म्हणाल्या, थोडीशीच तर वाढली. दादा म्हणाले, माझी मजुरी बुडते.

मग आम्ही टेप घेऊन मोजलं. चारही भिंतींची लांबी 18 फूट. अडीच फुटांचं दार वजा केलं, उरले साडेपंधरा. त्याला 4 फूट उंचीने गुणलं तर 62 चौरस फूट. 7 फुटांनी गुणलं तर 108 च्या वर. म्हणजे काम जवळजवळ पाऊणपट वाढलं होतं! दादांचं खरं होतं. ताईंनी पैसे दिले, पण गटाचा त्या महिन्याचा हप्ता थकला.

तेव्हापासून आम्ही सांगतो, घरकामाची एक वेगळी वही ठेवा. बदल ठरला की हात लावण्याआधी त्यात लिहा:

1. तारीख आणि काय बदललं, मापासकट.
2. सामान किती वाढलं, ते कोण आणणार.
3. मजुरी किती वाढली.
4. दिवस किती वाढले.

काही कमी केलं, तर तेही लिहा. तेवढे पैसे वजा होतात. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवा. मग दोघांची सही किंवा अंगठा घ्या. पानाचा फोटो काढून मिस्त्रींनाही पाठवा. भिंतीत पाइप किंवा वायर बदलली असेल, तर गिलावा करण्याआधी तिचाही फोटो घ्या.

"लिहायला सांगितलं तर दादांना राग येईल," असं काही जणी म्हणतात. अहो, गटात आपण 100 रुपये भरले तरी पासबुकात नोंद करून घेतोच ना? तिथे कुणी कुणावर संशय घेत नाही. वहीमुळे दादांची मजुरी बुडत नाही, आणि खर्च झेपेल की नाही ते आपल्याला आधीच कळतं. झेपत नसेल, तर "राहू द्या दादा, 4 फूटच बरं" असं वेळेवर म्हणता येतं.