काळ्या पडद्यावर चित्रे कशी उमटतात?

आपल्या कोल्हापूरला कलापूर म्हणतात. नाटक तुम्ही पाहिलेच असेल. नेपथ्य आणि नट दिसतात; विंगेतली माणसे मात्र दिसत नाहीत. संगणकाचेही तसेच आहे.

समजा, शाळेत एक जुना संगणक धूळ खात पडला आहे. विंडोज-१० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज-११ त्यावर चालत नाही. मग तो भंगारात द्यायचा का? थांबा! प्रोसेसर ६४ बिटांचा असेल, तर त्यावर डेबियन लिनक्स बसवता येईल.

नुसती मूळ प्रणाली बसवली, की दिसतो काळा पडदा आणि एक लुकलुकणारी खूण. यंत्र बिघडले का? मुळीच नाही. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये जगापुढे ठेवलेला लिनक्स हा गाभा आहे. तो विंगेत राहून स्मृती वाटतो, कळफलक सांभाळतो. पडद्यावर चित्र मांडण्याचे काम 'एक्स' ही प्रणाली करते. तिचा जन्म १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेत झाला. खिडक्यांना चौकट देणारा आणि त्या हलवणारा असतो विंडो मॅनेजर. या सर्वांना पट्टी, चित्रखुणा व फाइलींचे कपाट जोडले, की 'डेस्कटॉप' तयार होतो.

हे थर वेगवेगळे असल्याने नेपथ्य बदलता येते. ग्नोम आणि केडीई भरजरी आहेत. जुन्या यंत्राला हलकाफुलका एक्सएफसीई बरा.

आता कृती. संगणकातील जुन्या फाइलींची प्रत आधीच दुसरीकडे ठेवलेली असावी. इंटरनेट जोडा. शिक्षकांच्या देखरेखीखाली मुख्य वापरकर्ता म्हणून आत शिरा. 'एपीटी अपडेट' ही आज्ञा देऊन कार्यक्रमांची यादी ताजी करा. मग 'टास्कसेल' चालवा. यादीतील एक्सएफसीईपुढे स्पेसची कळ दाबून खूण करा, एंटर दाबा आणि धीर धरा. काम संपल्यावर संगणक पुन्हा सुरू करा. नाव व परवलीचा शब्द विचारणारी चौकट आली, की जमले! मराठी अक्षरांसाठी 'लोहित देवनागरी' हा मुक्त टंक बसवा.

पडदा काळाच राहिला तर? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकदम दाबा. बहुधा अक्षरी पडदा परत येईल. असे का व्हावे? विंगेतली माणसे आठवा. उत्तर तुम्हालाच सापडेल.