पीएच.डी.नंतरची वाट : अधिछात्रवृत्ती, अध्यापकपद आणि मराठीचा संशोधक

मराठी विषयात पीएच.डी. संपादन केल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न परभणी-हिंगोलीकडील संशोधकास जितका बोचतो तितका तो आपल्या विद्याव्यवहारात चर्चिला जात नाही. १९९४ साली नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि संशोधनाची सोय जवळ आली. पदव्या वाढल्या, पदे त्या प्रमाणात वाढली नाहीत. शासनाने २०१८ मध्ये राज्यातील सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० पदांच्या भरतीस मान्यता दिली. करोनाकाळात ती थांबली आणि उरलेल्या २,०८८ पदांना २०२१ मध्ये नव्याने मान्यता द्यावी लागली. ही संख्या सर्व विषयांची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तासिका तत्त्वावरील अध्यापन हाच अनेकांचा आधार का ठरतो, ते कळते.

पात्रतेविषयी एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या दुरुस्तीने नेट वा सेट ही सहायक प्राध्यापकपदाची किमान अट ठरविली. म्हणून प्रबंध हाती असला तरी सेट टाळू नये. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील चाळणीचा तक्ता तर प्रत्येकाने मुळातून वाचावा असा आहे. महाविद्यालयीन पदासाठी त्यात प्रत्येक शोधलेखास २ व अधिकाधिक ६ गुण आहेत. म्हणजे चौथ्या लेखाने गुण वाढत नाही. पैसे मोजून लेख छापविण्याची धडपड त्यामुळे गुणांच्या हिशेबानेही व्यर्थ ठरते. याउलट अध्यापनाच्या वा पीएच.डी.-उत्तर संशोधनाच्या प्रत्येक वर्षास सारखेच २ गुण, कमाल १०. अधिछात्रवृत्ती घेतल्यास अनुभव बुडतो, हा समज निराधार आहे.

मराठीच्या संशोधकास खुली असलेली स्थाने थोडी आहेत. आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या डॉ. राधाकृष्णन अधिछात्रवृत्तीत भाषाविषयांचा समावेश असून मासिक रक्कम ५०,००० रुपये आहे. सिमल्याची भारतीय उच्च अध्ययन संस्था मानव्यविद्यांसाठीच प्रसिद्ध आहे. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे जाताना विषयाची सामाजिक बाजू ठळक असावी लागते.

खरी अडचण प्रस्तावाची आहे. ‘अमुक यांच्या साहित्याचा चिकित्सक अभ्यास’ हे आपल्याकडील रूढ शीर्षक प्रबंधास चालून जाते, प्रस्तावास नाही. कारण त्यात प्रश्नच नसतो. परभणीशी ज्यांचे नाव जोडले गेले त्या बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांचेच उदाहरण घेऊ. ते निजामी राजवटीत नोकरी करीत लिहीत होते. दरबारी व्यवहार उर्दूत चालत असता कचेरीत वावरणाऱ्या मराठी लेखकाच्या गद्याने त्या भाषेकडून काय घेतले आणि काय नाकारले, असे विचारले की विषय बदलतो. हैदराबादच्या अभिलेखागारात जाण्याचे कारण मिळते, उर्दू शिकण्याची निकड पटते आणि मराठी न जाणणाऱ्या परीक्षकासही त्याचे मोल समजते. जुन्या प्रबंधाची दोन प्रकरणे नव्या नावाने पाठविणाऱ्यास हे साधणार नाही.

मार्गदर्शक शक्यतो आपल्या विद्यापीठाबाहेरचा निवडावा. बडोदे व गोवा येथील विद्यापीठांतही मराठीचे विभाग आहेत. तासिका सोडण्यापूर्वी अनुभवाचे प्रमाणपत्र रुजू झाल्याच्या व सोडल्याच्या तारखांसह घ्यावे. वर्षाहून कमी काळाचे गुण त्या प्रमाणात धरले जातात, आणि तारीख नसलेल्या कागदावरून तो काळ मोजता येत नाही.