पोट उडते तेव्हा : बालकांच्या श्वसनरोगांविषयी



भाषेच्या प्राध्यापकाने वैद्यकाच्या विषयावर लिहावे, याचे काहींना आश्चर्य वाटेल. मी वैद्य नव्हे. परंतु ज्या बाईंच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, त्या शब्द शिकविताना त्याचा व्यवहारातील उपयोगही विचारीत. त्याच रीतीने आज एका साध्या वाक्प्रचाराचा विचार करू. त्यामागे एक घरगुती दुःख आहे.

१९५७ साली इंदूरच्या आमच्या वाड्यात माझा आठ महिन्यांचा धाकटा भाऊ खोकल्याने आजारी पडला. रात्री आई म्हणाली, "याचं पोट उडतंय." शेजारच्या काकी हिंदी बोलणाऱ्या, त्यांनी पाहिले आणि म्हटले, "पसली चल रही है." दोघींनीही रोग बरोबर ओळखला होता. घरातील वडीलधारे मात्र म्हणाले, "सकाळी पाहू." सकाळपर्यंत फार उशीर झाला होता.

या दोन वाक्प्रचारांचा अर्थ काय? साधे पडसे नाकाघशापुरते असते. तोच संसर्ग फुप्फुसांत उतरला, म्हणजे तेथील सूक्ष्म वायुकोशांत द्रव व पू साठतो. याला न्यूमोनिया म्हणतात. फुप्फुसे ताठर होतात, प्राणवायू अपुरा पडतो, म्हणून मूल भराभर श्वास घेऊ लागते. पुढे श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग फुगण्याऐवजी आत ओढला जातो आणि पोट वर उचलले जाते. आयांनी नेमके हेच पाहिले आणि त्याला नाव दिले. उणीव होती ती मोजमापाची आणि त्यानंतरच्या त्वरेची.

ही उणीव कशी भरून काढता येते, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखविले. तेथील खेड्यांतील अनेक सुइणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नसे. त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असे साधन तयार करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजावयाचा. रोग असा ओळखून गावातच औषध दिल्याने न्यूमोनियाचे बालमृत्यू सुमारे निम्म्यावर आले. त्यांचा हा शोधनिबंध १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आपल्या घरी तर सेकंदकाट्याचे घड्याळ असतेच. मूल शांत असताना, रडत वा पीत नसताना, अंगावरचे कपडे वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक भरले, तर ते जलद समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दम्याने किंवा विषाणूंमुळे लहान श्वासनलिका सुजल्यानेही श्वास वाढतो. त्यातील भेद करणे हे डॉक्टरांचे काम.

काही लक्षणे दिसली, तर मोजत बसण्यातही वेळ दवडू नये. छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे, शांत असतानाही श्वासाला घरघर आवाज येणे, दूध-पाणी न घेणे, सारे ओकून टाकणे, झटके येणे, मूल गुंगीत असणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला नुसता ताप आला किंवा त्याचे अंगावर पिणे मंदावले, तरी हाच नियम.

यांतले काहीच नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही. लहान मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे स्वाभाविक आहे आणि खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. बहुतेक सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. अंगावरचे दूध चालू ठेवावे, थोडे थोडे पातळ अन्न द्यावे, नाक चोंदल्यास मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घालावेत. एक वर्षानंतर चमचाभर मध चालेल, त्यापूर्वी मुळीच नको. नाकात तेल घालू नये. ते फुप्फुसात उतरते. ओव्याची किंवा धुपाची धुरी आपण मायेने देतो, पण कोणताही धूर बाळाच्या श्वासाला अपायकारकच. विडी-सिगारेटचा धूरही त्यातलाच.

खोकल्याच्या गोड औषधांविषयी विशेष सावध राहावे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याच मध्यप्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव मिसळलेल्या अशा औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्याने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सामान्यतः टाळावीत, अशी सूचना काढली. दुकानदाराला विचारून बाटली आणण्याची सवय आता सोडली पाहिजे.

रोग टाळण्याचे उपायही हाती आहेत. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध, हात धुणे आणि वेळेवर लसीकरण. घटसर्प, डांग्या खोकला व गोवर यांच्या लसी आपल्याला परिचित आहेत. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूवरील लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते. ती सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत देतात.

आज आपल्यापैकी बहुतेक जण आजी-आजोबा आहेत. घरातील निर्णयात आपल्या शब्दाला मान असतो, म्हणूनच ही जबाबदारी आपली. रात्री सून किंवा लेक म्हणाली, "याचं पोट उडतंय," तर चष्मा लावावा, घड्याळ घ्यावे, एक मिनिट मोजावे, आणि शंका वाटल्यास रिक्षा बोलवावी. "सकाळी पाहू," एवढे मात्र म्हणू नये.