प्रथिनांची हाकाटी आणि नागलीची भाकर

१९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगावर प्रथिनटंचाई येणार असल्याचा इशारा दिला. मग माशांचं पीठ, सोयाबीनचं पीठ असे उपाय निघाले. संयुक्त राष्ट्रांच्याच अन्न व कृषी संघटनेतले सांख्यिकीप्रमुख डॉ. पां. वा. सुखात्मे मात्र बधले नाहीत. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. त्यांचं गणित सरळ होतं: धान्य-डाळीचं जेवण पोटभर मिळालं, की प्रथिनं बहुतेकांना आपसूक पुरतात, पोट अर्धं राहिलं, तर शरीर प्रथिनंच सरपणासारखी जाळतं. हैदराबादेत पोषणशास्त्रज्ञ डॉ. गोपालनही मुलांच्या अभ्यासातून त्याच निष्कर्षाला आले. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पोषणतज्ज्ञ मॅक्लारेन यांनी या साऱ्या प्रथिनमोहिमेला फजिती म्हटलं.

सुखात्म्यांचं म्हणणं पटायला नाशिक जिल्ह्यातले सुरगाणा, पेठ हे आदिवासी तालुके पाहावेत. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर, सोबत उडीद किंवा कुळीथ. नागलीत शंभर ग्रॅममागे जेमतेम सात ग्रॅम प्रथिनं, उडीद-कुळथात बावीस-चोवीस. नागलीत कमी पडणारं लायसिन हे अमिनो आम्ल डाळ भरून काढते. जेवणात खोट नाही, खोट आहे ती घरातलं धान्य संपल्यानंतरच्या महिन्यांत. मग माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात, लेकरं बरोबर, गावची अंगणवाडी मागे. १९७२ च्या दुष्काळी कामांवर सुकडी हा पौष्टिक खाऊ वाटला, तोही आधी पोटातली आग विझवायलाच.

पुढे सुखात्मे म्हणू लागले, की शरीर कमी खाण्याशी जुळवून घेतं. त्यावर अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांशी त्यांचा खडाजंगी वाद झाला. इथे मी दांडेकरांच्या बाजूचा. उपाशी राहायची सवय झाली म्हणून भूक मोजायची थांबवता येत नाही.

आता तेच प्रोटीन नाशिक शहरातल्या जिममध्ये डब्यांतून मिळतं. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिनं पुरतात. मटकीची उसळ रोज खाणाऱ्याला ते अवघड नाही. (मिसळीवरची तर्री मात्र यात धरू नये.)

खरी गरज आहे ती पाड्यांवर. तिथल्यासाठी सरकारने आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ मध्ये अमृत आहार योजना आणली: एक वेळचं चौरस जेवण. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं. एका अंड्यात सहाएक ग्रॅम उत्तम प्रथिनं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा खर्च उचलणं थांबवलं, अंडी हवी तर शाळांनी लोकसहभागातून द्यावीत, असं ठरलं. बागायती गावात वर्गणी निघेलही. सुरगाण्याच्या पाड्यावर मास्तरांनी ती कुणाकडे मागायची?