बास म्हणायचं कधी?

एप्रिल लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अमेरिकेतल्या चुलतभावाचे फोटो सुरू होतात. तळ्याकाठी उभा, डोक्यावर कॅप, हातात हिरवट पाठीचा, भल्यामोठ्या जबड्याचा मासा. खाली एक ओळ, ‘स्प्रिंग बास!’ मग पेणहून आत्याचा प्रश्न येतो, ‘याचं कालवण कसं लागतं रे?’ आणि पाठोपाठ मला, ‘तुमच्या इंग्लंडात नाहीत का असले मासे?’ दरवर्षी मी दोन ओळींत उत्तर देतो. यंदा म्हटलं, जरा सविस्तर लिहू. कारण या प्रश्नाचं उत्तर इंग्लंडपासून सुरू होऊन पेणच्या खाडीपर्यंत जातं.

आधी सरळ उत्तर. भाऊ जो पकडतो तो लार्जमाउथ बास, गोड्या पाण्यातला. वसंतात पाणी कोमट झालं की तो तळ्याच्या उथळ कडेला येतो, नर तळाशी खळगा करून घरटं बनवतो आणि अंड्यांची राखण करतो. हा मासा इंग्लंडच्या तळ्यांत नाही. इथे नुसतं ‘बास’ म्हटलं की तो समुद्रातला, चंदेरी अंगाचा सी बास. पण तो खाडीत शिरतो, नदीच्या तोंडापर्यंत येतो. आपल्या रायगडकरांना सांगायचं तर हा विलायती जिताडा. सख्खा भाऊ नव्हे, कुळ वेगळं आहे. पण राहणी बरीचशी तशीच, पाठीवरचे काटे तसेच टोकदार आणि चवीबद्दलचा लोकांचा अभिमानही तसाच.

मी साउदम्प्टनला राहतो. आठवडाभर ऑफिसात कोडमधले बग पकडायचे आणि शनिवारी सकाळी पाण्याकाठी मासे, असा माझा गेल्या काही वर्षांचा क्रम आहे. या गावात टेस्ट आणि इचेन अशा दोन नद्या येऊन मिळतात आणि पुढे त्यांची रुंद खाडी होते, तिचं नाव साउदम्प्टन वॉटर. दोन्ही नद्या खडूच्या खडकातून झिरपलेल्या झऱ्यांच्या, त्यामुळे पाणी आरशासारखं. वर ट्राउट, खाली खाडीत बास. ट्राउटच्या नामांकित पट्ट्यांवर मात्र एका दिवसाच्या परवानगीला शंभरच्या पुढे पौंड मोजावे लागतात, म्हणून आम्ही मंडळी पुलावरून नुसते ट्राउट बघतो.

इचेन नदीच्या काठीच विंचेस्टरचं कॅथेड्रल आहे. तिथे आयझॅक वॉल्टन याची समाधी आहे. गळ टाकून मासे पकडण्यावर त्याने १६५३ मध्ये ‘द कम्प्लीट अँगलर’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि ते आजही छापलं जातं. १६८३ मध्ये तो गेला. त्याच्या स्मरणार्थ मासेमारांनी तिथे रंगीत काचेची खिडकी बसवली आहे. देवळात मासेमाराची खिडकी! हा देश गळाला किती मानतो हे तिथे उभं राहिलं की कळतं.

पण आपल्या माणसाला खरं आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ऐन वसंतात, जेव्हा हवा सुधारते, दिवस मोठा होतो, तेव्हाच नद्यांवर गळ बंद! इंग्लंड आणि वेल्समध्ये १५ मार्च ते १५ जून या काळात नदीतले रोच, ब्रीम, पर्च, पाइक असे मासे पकडायला कायद्याने मनाई आहे. हा त्यांचा अंडी घालण्याचा हंगाम. १६ जूनला बंदी उठते. त्या पहाटे काही जण थर्मास घेऊन मध्यरात्रीपासूनच काठावर बसलेले असतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटतात, तसाच उत्साह.

हा नियम १८७८ चा. शेफील्डचे खासदार मंडेला (नेल्सन नव्हे, अँथनी जॉन मंडेला) यांनी तो पार्लमेंटातून मंजूर करून घेतला. त्यांचे वडील इटलीतून आलेले स्थलांतरित. आणि नियमासाठी आग्रह होता तो जमीनदारांचा नव्हे, शेफील्डच्या कामगारांच्या मासेमारी क्लबांचा. आठवडाभर कारखान्यात राबून रविवारी नदीवर जावं तर गळाला काही लागेना, म्हणून त्यांनीच सांगितलं की तीन महिने आम्हालाही थांबवा. १९९५ मध्ये बहुतेक तळ्यांवरची बंदी उठली, पण नद्यांवरची अजून आहे. शिवाय तळं असो वा नदी, तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाला रॉड लायसन्स लागतं. ते नसेल तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

समुद्राच्या किनाऱ्यावरून गळ टाकायला मात्र लायसन्स लागत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत आमच्यासारख्यांची पावलं खाडीकडे वळतात. वेस्टन शोअर किंवा नेटलीच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर समोर तेलशुद्धीकरण कारखान्याच्या चिमण्या दिसतात, मधून चार-पाच मजली कंटेनर जहाजं जातात आणि काठावर आम्ही. साउदम्प्टनची भरती जगावेगळी आहे. पाणी चढतं, थोडं थबकतं, उतरल्यासारखं करून पुन्हा चढतं. दोनदा भरती! त्यामुळे भरलेलं पाणी बराच वेळ तसंच राहतं. उधाण आणि भांग यांचा हिशेब मात्र इथेही ठेवावा लागतो. अॅप असलं तरी चंद्र तोच आहे.

वसंतात बास किनाऱ्याला येण्याचं कारण पोट. फेब्रुवारीपासून मेपर्यंत प्रौढ मासे खोल खाडीसमुद्रात, म्हणजे इंग्लिश चॅनलच्या बाजूला, अंडी सोडतात आणि मग भुकेले होऊन काठाला येतात. नेमकं त्याच सुमारास पाणी तापल्यामुळे खेकडे कात टाकतात. कवच टाकलेला मऊ खेकडा म्हणजे बासची मेजवानी, आणि तेच आमचं सगळ्यात भारी आमिष. अंड्यांतून निघालेली पिल्लं दोन-तीन महिने प्रवाहाबरोबर वाहत खाड्यांत पोचतात आणि पुढची काही वर्षं तिथेच वाढतात. म्हणून साउदम्प्टन वॉटरसारख्या तीसहून अधिक जागा सरकारने बासच्या ‘पाळणाघरां’साठी राखल्या आहेत. तिथे उन्हाळ्याच्या महिन्यांत होडीतून बास धरायला मनाई आहे. किनाऱ्यावरून चालतं.

२०१० नंतर या माशाची परिस्थिती बिकट झाली. काही थंड हिवाळ्यांत पिल्लं कमी जगली, जाळी मात्र चालूच राहिली आणि प्रौढ मासे झपाट्याने घटले. मग २०१५ मध्ये नियम कडक झाले. पकडून घरी न्यायच्या बासची किमान लांबी ३६ सेंटिमीटरवरून ४२ वर गेली. हौशी मासेमाराला दिवसाला तीन मासे, पुढच्या वर्षी अर्धं वर्ष एकही नाही आणि उरलेल्या काळात एकच. २०२० पासून पुढची काही वर्षं ही मर्यादा दोनची होती. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये तर मिळेल तो मासा सोडायचाच. गळाने बास धरणाऱ्या परवानाधारक बोटींनाही वर्षाची मर्यादा आहे. आकडे बदलत राहतात, त्यामुळे जाण्याआधी सरकारी वेबसाइट बघायची हा आमचा नेम.

आता हे ४२ कुठून आलं? बासची मादी साधारण त्या लांबीची होते तेव्हा पहिल्यांदा अंडी घालण्याच्या वयाची असते. तिथवर पोचायला तिला सहा-सात वर्षं लागतात. म्हणजे ताटात येण्याआधी तिला निदान एकदा तरी आई होऊ द्या, एवढीच त्या फूटपट्टीची मागणी आहे.

गेल्या मे महिन्यात आईबाबा आले होते तेव्हा बाबांना नेटलीला घेऊन गेलो. बाबांचं लहानपण पेणच्या खारपट्टीत गेलं. पाग कसा फेकायचा, कुठल्या पाण्यात कुठला मासा, हे त्यांच्या हातात आहे. इथली थंड हवा, मफलर, गुडघे, सगळं विसरून ते पाण्याकडे बघत बसले. दीड तासाने रॉड वाकला. बास! चांगला तजेलदार, चांदीच्या पत्र्यासारखा चमकणारा. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजला तर ३९.

मी हात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी धरते. गळाचा उलटा काटा मी आधीच चिमट्याने दाबून ठेवतो, त्यामुळे तो पटकन सुटला. मासा पाण्यात धरला, शेपटी हलेपर्यंत थांबलो आणि सोडला.

बाबा म्हणाले, “अरे, चौघांच्या कालवणापुरता होता की!”

“तीन सेंटिमीटर कमी भरला, बाबा.”

“बघायला कोण आलंय इथे?”

खरंच कोणी नव्हतं. दोनशे मीटरवर एक गोरे आजोबा, तेही आपल्या गळात गुंतलेले. मी ४२ चा हिशेब सांगितला. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग हसून म्हणाले, “नाव बरोबर ठेवलंय यांनी. बास! कुठे थांबायचं ते नावातच सांगितलंय.”

परतताना गाडीत ते जिताड्याबद्दल बोलत राहिले. पेण-अलिबागकडे घराशेजारी तलाव खणून त्यात जिताडा पाळायची जुनी रीत आहे. पाहुणा आला, जावई आला की तलावातला जिताडा काढायचा. पावसाळ्यात खारबांधाच्या उघाडीपाशी भरतीबरोबर जिताड्याची बोटुकली यायची. पोरं ती हंडीत भरून आणायची आणि तलावात सोडायची. “आता पोरांना मिळत नाहीत. बीज विकत आणतात,” असं बाबांचं म्हणणं.

यातली गोम अशी की तलावातला जिताडा तलावात वाढतो, पण तिथे वीत नाही. अंडी घालायला त्याला खाडीच्या तोंडाशी खारं पाणी लागतं. आणि निसर्गाची गंमत म्हणजे जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे मोठे जिताडे जवळजवळ सगळे माद्या! आपण कौतुकाने फोटो काढतो तो दहा किलोचा जिताडा म्हणजे खाडीचं बियाणं. चेन्नईच्या ‘सीबा’ या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचं प्रजनन हॅचरीत यशस्वी केलं, त्यामुळे आज बीज विकत तरी मिळतं. इथल्या सुपरमार्केटातही ताटात मावतील असे जे छोटे बास दिसतात, ते ग्रीस-तुर्कस्तानात पाळलेले. त्यांना ४२ चा नियम नाही. पण खाडीत पिल्लं येणं वेगळं आणि टँकरमधून येणं वेगळं.

‘इंग्रज बघा कसे शिस्तीचे’ असा सूर मला लावायचा नाही. बास घटला तो त्यांच्याच डोळ्यांसमोर, आणि नियम त्यानंतर आले. आणि थांबणं आपल्याला नवीन नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी न लोटण्याची कोळ्यांची चाल कुठल्याही कायद्याच्या आधीची. आता १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे मासे आहेत, त्यांना कोणी हात लावत नाही. दुसऱ्या बाजूला वलगणीचे मासेही आपलेच. पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले मासे शेताकडे चढतात आणि आपण टोपल्या घेऊन धावतो. थांबणं आणि धावणं, दोन्ही आपल्यातच आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच सुमारास ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. म्हणजे फूटपट्टी आपल्याकडेही आली आहे. ती नियमाच्या कागदावरून बाजारात कशी यायची, हा प्रश्न आहे.

बाबांनी परत गेल्यावर पेणच्या बाजारात एक प्रयोग केला. तळहातापेक्षा लहान पापलेटांचा वाटा बघून म्हणाले, “पिल्लं आहेत, नको.” कोळीण हसली. “काका, तुमी नाय घेतला तं दुसरा घेल.” बाबांनी हे फोनवर सांगितलं आणि विचारलं, “तिला काय उत्तर देऊ?”

ती चुकीचं बोलत नव्हती. तिने मासा आणलाय, घर चालवायचंय. तीन सेंटिमीटरचा हिशेब तिला एकटीला परवडणारा नाही. शेफील्डच्या कामगारांनाही एकेकट्याने तो परवडला नसता, म्हणून त्यांनी सगळ्यांसाठी नियम मागितला. मी बाबांना म्हटलं, उत्तर देऊ नका, पुढच्या वेळी मोठा मासा तिच्याकडूनच घ्या आणि चार पैसे जास्त द्या. आणि बाजारात जाणाऱ्या तुमच्या चार मित्रांनाही तेच सांगा.

आत्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. बासचं कालवण छान होतं. कोकम थोडं जास्त घालायचं, खोबरं कमी. पण मासा ४२ च्या वरचा हवा.